स्टुलावरचा उडालेला रंग

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. अगं, फोनवर तू 'सगळं छान' एवढंच बोलतेस आणि फोन दादाच्या हातात देतेस. दादा दोनदा 'हं' म्हणतो आणि ठेवून देतो. पत्रात निदान अर्धं पान तरी तुला भरावं लागेल.

मला नवीन काम मिळालंय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. थोडक्यात सांगते. दुकानांत दिवसभर उभं राहून विकणाऱ्या माणसांना बसायला आसन मिळालं पाहिजे, असा नियम दोन वर्षांपूर्वी झाला, तुला माहीतच आहे. हा नियम व्हावा म्हणून इथली एक संस्था कित्येक वर्षं खटपट करत होती. निवेदनं, मोर्चे, आमदारांच्या दारात खेपा, सगळं करून झालं. आता ज्यांच्या देणगीवर ही संस्था चालते ते विचारताहेत, की बाबांनो, हा नियम तुमच्यामुळे झाला की तो तसाही होणारच होता? आणि त्याचा दुकानातल्या माणसांना काही उपयोग झाला का? हे शोधून अहवाल लिहायला मला नेमलंय. म्हणजे लहानपणी दादा मला शंकासूर म्हणायचा, त्याचाच आता पगार मिळतो म्हण.

तर मी विचारत सुटले. संस्थेच्या बाई म्हणाल्या, आम्ही केलं. कामगार संघटनेचे पुढारी म्हणाले, आम्ही संपाची नोटीस दिली म्हणून झालं. एक आमदार म्हणाले, माझं भाषण ऐकून सभागृह स्तब्ध झालं होतं. मी त्या दिवसाची कागदपत्रं काढली, तर भाषणाच्या वेळी सभागृहात फारसं कोणी नव्हतंच. स्तब्ध असणारच! शेवटी ज्या निवृत्त साहेबांच्या सहीनं नियमाचा मसुदा पुढे गेला त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, "फाइल वर्षानुवर्षं पडून होती. त्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बायकोबरोबर पडद्याचं कापड घ्यायला गेलो, तर दुकानात उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी फाइल मागवली." आता बोल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! पण फाइल मुळात तिथं कोणी ठेवली? संस्थेनं. मग श्रेय कोणाचं, संस्थेचं की गुडघ्याचं?

हा गुंता काही सुटत नाही, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळलेय, उपयोगाच्या. त्यासाठी तुझी मदत हवी. तुमच्या कापडाच्या दुकानात स्टुलं आली का? आली असतील तर एका स्टुलाचा फोटो पाठव. वरून काढलेला, बैठक नीट दिसेल असा. कशासाठी ते आत्ता सांगणार नाही. सांगितलं तर तू मला बरं वाटावं म्हणून काहीतरी करशील. आमच्या कामात हा नियमच आहे, काय मोजतोय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही.

आणि पाय कसे आहेत? त्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं ना, दर थोड्या वेळानं बसा, नाहीतर हे काम सोडा. ते माझ्या कानात अजून आहे. शिरा वर आल्या होत्या त्या तशाच आहेत का? खरं लिही.

तुझी,
शंकासूर नणंद


१५ जानेवारी

प्रिय शंकासुरा,

हे घे अर्धं पान. जास्त मागू नकोस, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तोंड दमतं, मग हात कुठून चालणार?

स्टुलाचा फोटो! वन्सं, लोक भावजयीचा फोटो मागतात, तू स्टुलाचा मागतेस. मी मोबाइल वर धरून फोटो काढतेय हे बघून माझ्या पलीकडे पडदे विकायला उभी असते ती पडदेवाली म्हणाली, "त्याचं लग्न जमवताय का?" तुझ्या दादाच्या फोनवरून पाठवलाय, मिळाला असेल. रंग निळा होता, आता कसा झालाय ते दिसेलच. मालक म्हणतात पुन्हा रंगवू. पुढच्या कडेला दुकानाचं नाव लिहिलंय ते मात्र ताजं आहे. चोरी होऊ नये म्हणून! लाकडी स्टूल कोण चोरणार, मला सांग.

स्टुलं आली तेव्हा दुकान जरा बदललं. पूर्वी काउंटरमागे गठ्ठे असायचे, आठवतं? तू सुट्टीत यायचीस तेव्हा त्यावर झोपली होतीस एकदा. आम्ही आळीपाळीनं त्यांच्यावर टेकायचो. मालक गल्ल्यावरून उठले की दाराजवळची खोकायची आणि आम्ही ताठ. एवढ्या खोकल्यांनी मालकांना वाटायचं आम्हाला सगळ्यांना छातीचा रोग आहे. आता गठ्ठे गोदामात गेले. मालक म्हणाले, स्टुलं आहेत ना? शिडीवाले काकाही गेले. वरच्या फळ्यांवरचे तागे तेच काढून द्यायचे, किती वर्षं! त्यांनाही तेच सांगितलं, आता स्टुलं आली, शिडी कशाला. जाताना काका सगळ्यांना हात करून गेले. मला वाईट वाटलं.

तुझ्या साहेबांचा गुडघा वाचून तुझे दादा खूप हसले. म्हणाले, माझ्या शिवणयंत्रांचंही असंच असतं. मी दिवसभर खटपट करतो, आणि गिऱ्हाईक येऊन नुसतं चाक फिरवतं आणि म्हणतं, बघा, मीच चालू केलं. त्यांच्याकडे हल्ली दुरुस्तीला यंत्रं कमी येतात, तेवढंच हसू.

पायांचं म्हणशील तर चाललंय. माझी काळजी सोड आणि तुझं काम नीट कर. रात्रीचं जेवण वेळेवर घेत जा.

तुझी वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

आता सांगते! इतके दिवस जीभ कशी धरून ठेवली माझं मला ठाऊक.

लोकांना विचारलं, 'तुम्ही बसता का?' की ते जे आपल्याला ऐकायचंय तेच सांगतात. मालकासमोर 'हो', बाहेर 'छे', संस्थेसमोर पुन्हा 'हो'. मग मला एक युक्ती सुचली. स्टुलावर कोणी बसत नसेल तर त्याचा रंग तसाच राहील. बसत असेल तर उडेल. माणसं काहीही बोलोत, रंग खोटं कशाला बोलेल? म्हणून ओळखीतून, संस्थेतून, जिथून मिळतील तिथून स्टुलांचे फोटो मागवले. आणि वहिनी, बहुतेक सगळ्यांचा रंग उडालाय! तुझ्या स्टुलाचा तर इतका की खालचं लाकूड दिसतं. तो फोटो बघून मी टेबलावरच रडले. एवढी वर्षं तू रात्री गरम पाण्यात पाय घालून बसायचीस, आणि आता दुकानात बसतेस. मला किती बरं वाटलं हे मी तुला फोनवर कधीच सांगू शकले नसते.

एकच शंका राहिली. रंग स्टुलाच्या दोन्ही कडांना जास्त गेलाय आणि मधे कमी. सगळीकडे थोडंफार असंच आहे. मी खूप विचार केला आणि अहवालात लिहिलं, की कामगार अजून धाकापोटी आसनाच्या कडेवर टेकतात, निवांत बसत नाहीत, तरी नियम निःसंशय वापरात आला आहे. बरोबर ना? तू कडेवरच बसतेस ना? नीट बस बाई, मधे बस.

हा अजून कच्चा अहवाल आहे, पण संस्थेच्या बाईंना धीर कुठला! त्यांनी लगेच एक पत्रक छापलं आणि दुकानदारांच्या मंडळाला, वर्तमानपत्रांना, देणगीदारांना पाठवलं. वर तुझ्या स्टुलाचा फोटो आहे, खाली माझं वाक्य आणि माझं नाव. कडेवरचं दुकानाचं नाव स्पष्ट वाचता येतं. तुमच्या मालकांची फुकटची जाहिरात झाली, त्यांना म्हणावं मला एक पडदा द्या.

नियम कोणामुळे झाला याचं उत्तर मात्र अजून नाही. आता एक पत्रकार म्हणतोय त्याच्या लेखामुळे. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण नियमाचा उपयोग झाला, एवढं तरी हाती लागलं. लवकर लिही.

तुझी शंकासूर (सध्या निःशंक)


१९ मार्च

चि. शंकीस, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. वहिनीला वाचून दाखवलं नाही अजून. मी लिहितोय कारण ती लिहिणार नाही, ती म्हणते त्या पोरीला कळवू नका.

ती पडली. गेल्या आठवड्यात दुपारी, दुकानात, स्टुलावरून. स्टुलावर उभी होती. वरच्या फळीवरचा पडद्याच्या कापडाचा तागा ओढत होती, पायात गोळा आला आणि तोल गेला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पाय सुजलेत, पण ते आधीपासूनच सुजलेले होते. आता मला सांगते, वर्षभर दाखवत नव्हती.

मी तिला विचारलं, शिडी कुठे होती? ती म्हणाली, शिडी कधीच गेली, आम्ही सगळ्या स्टुलावरच चढतो, दिवसभर चढउतार असते. बसायची सोय नाही, बसलं की मालक गिऱ्हाइकांदेखत विचारतात, दमलात का, घरी जायचंय का? तुझ्या रंगाचं उत्तर मला वाटतं हेच असणार. दोन पाय, दोन कडा.

काल मालकांकडे गेलो. त्यांनी ते पत्रक माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "हे बघा, माझ्या दुकानात स्टुलांवर बसतात असं छापून आलंय, तपासणाऱ्या बाईंच्या नावानिशी. स्टूल बसायला दिलं होतं. त्या त्यावर चढल्या ही त्यांची चूक. हात बरा झाला की दुसरीकडे बघा." दवाखान्याचंही काही बघणार नाहीत.

मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. छापील कागदाला काय उत्तर द्यायचं मला कळत नाही. कामगार कचेरीत अर्ज दिलाय, २२ एप्रिलला सुनावणी आहे. तुझ्यावर राग नाही. पण तुझं नाव वाचून मला तिथं बोलता आलं नाही, हेही खरं.

दादा


२३ मार्च

प्रिय वहिनी,

काय लिहू? चार कागद फाडलेत. हात दुखतोय का हे विचारायचीही मला लाज वाटतेय, पण विचारते. दुखतोय का?

तू सगळं लिहिलं होतंस. शिडीवाले काका गेले, शिडी कशाला असं मालक म्हणाले. मी तुझं जानेवारीतलं पत्र परत काढलं, त्यात आहे. मी तेव्हा वाचलंच नाही, मी फोटोकडे बघत होते. काय मोजतेय ते तुला सांगितलं असतं तर तू एका ओळीत सांगितलं असतंस, अगं वेडे, ते पायांनी उडालंय. पण नाही, आमचा नियम! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दादाचं पत्र आल्यावर मी फोटो पाठवणाऱ्या सगळ्या दुकानांत फोन केले. या वेळी सरळ विचारलं, रंग कशानं उडाला? कोणी म्हणालं चढून, कोणी म्हणालं त्यावर मालाची खोकी ओढतो. एका दुकानात स्टुलावर मालकांचं मांजर झोपतं. आणि काही दुकानांत, खरंच सांगते, माणसं बसतात. चपलांच्या दुकानातली एकजण म्हणाली, हा नियम नसता तर मी काम सोडलं असतं. म्हणजे उपयोग झाला की नाही झाला? मला खरंच कळत नाहीये.

मी अहवाल मागे घेते म्हणून संस्थेच्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मागे घेतलात तर देणगीदार हात काढून घेतील. मग आमचा वकील जाईल. तुमच्या भावजयीसारख्यांच्या बाजूनं कचेरीत उभा राहणारा तोच एक आहे." आता सांग. अहवाल मागे घेतला तर तुझा वकील जातो. नाही घेतला तर मालकांच्या हातात माझाच कागद राहतो. आगीतून निघायचं तर समोर फुफाटा.

मी काय करू, वहिनी? तू सांगशील तसं करते.

शंकी


१ एप्रिल

शंकासुरा,

तुझं पत्र आणि त्याआधीचं पत्र, दोन्ही एकदमच वाचली. यांनी लपवून ठेवलं होतं, उशीखाली. लपवायची जागा तरी बघ!

हात दुखतो. डावा आहे म्हणून लिहिता येतंय. अंबाडा बांधता येत नाही, तुझे दादा बांधून देतात. शिवणयंत्राचा पट्टा ताणावा तसे केस ताणतात. डोळ्यांतून पाणी येतं ते हातामुळे की त्यांच्यामुळे, तूच शोध.

आणि राग आला. लपवून कशाला ठेवू? ते पत्रक बघितलं आणि मला इतका राग आला की मी ते उलटं करून ठेवलं. माझं स्टूल, मी चढून चढून त्याचा रंग घालवला, आणि खाली लिहिलंय की मी बसते म्हणून! 'मधे बस' म्हणे. पण रागावून झालं आणि मग मला हसू आलं. तू फोटो मागितलास तेव्हा मला वाटलं, आम्हाला किती जुनी स्टुलं दिलीत ते तुला दाखवायचंय, म्हणून मी मुद्दाम सगळ्यांत खराब स्टुलाचा काढला. म्हणजे तुझी चूक, माझी चूक, कोणाची किती हे मोजायला अजून एक अहवाल लागेल.

तू म्हणायचीस ना, कावळा बसला आणि फांदी तुटली. आमच्याकडे फांदी शाबूत आहे, कावळाच खाली पडला.

मला विचारतेस काय करू? मला काय ठाऊक! तुझ्या त्या बाई इथं येऊन गेल्या. मी त्यांना चांगलं बोलणार नव्हते. पण त्या आल्या, खुर्चीवर बसल्या, माझ्या पायांकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "आम्ही बसायला मागितलं. कुणाला चढायला लावतील, हे आमच्या डोक्यातच आलं नाही हो." चहा घेतला आणि गेल्या. आता अशा बाईची संस्था बंद पडावी असं मी कसं म्हणू? आणि पडू नये म्हटलं, तर माझं काम जातं. माझी मतं सकाळी एक असतात आणि संध्याकाळी दुसरी.

एवढंच पक्कं माहीत आहे, की मला त्याच दुकानात परत जायचंय. यांना नवल वाटतं. म्हणतात, त्या माणसाकडे पुन्हा? अहो, त्या माणसाकडे नाही, त्या काउंटरकडे. मी ताग्याला हात लावला की सांगते, हे धुतल्यावर आटेल, हे नाही. लोक दारातून विचारत येतात, त्या कुठे आहेत, आम्हाला त्यांनीच दाखवायला हवं. या वयात नव्या दुकानात मला कोण ओळखणार? आणि यांच्या हातात काम कमी असताना मी घरी बसून कसं चालेल? बसायचं तर मला दुकानात बसायचंय, घरी नाही.

तुला सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. तू शिकलेली आहेस म्हणून तुला कळेल, असंही आता वाटत नाही. रागावू नकोस.

तुझी वहिनी


१२ एप्रिल

प्रिय वहिनी,

नाही रागावले. मलाही तसं वाटत नाही.

अहवाल मागे घेतला. शहाणपणानं नव्हे. दोन्ही बाजूंचा विचार करत करत मी पोचले तर कुठेच नाही, आणि मग तुझं 'मला दुकानात बसायचंय' पुन्हा वाचलं आणि उठून कागद टाइप केला. लिहिलंय की स्टुलांवरून काढलेला माझा निष्कर्ष चुकीचा आहे, काही दुकानांत नियमामुळे माणसं बसू लागली, काही दुकानांत त्याच नियमाच्या नावाखाली शिडी काढली आणि माणसं स्टुलांवरच उभी राहू लागली. नियम कोणामुळे झाला हे मला सांगता येत नाही, तेही लिहिलं. देणगीदारांचं उत्तर आलंय, 'निष्कर्ष गोंधळाचे आहेत, स्पष्ट सांगावे.' मी तरी काय सांगू, गोंधळ आहे हेच स्पष्ट आहे.

बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, वकील येईल सुनावणीला. पुढच्या महिन्यात त्याचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात बघू.

मीही येतेय, साक्षीला. माझ्याच कागदाविरुद्ध. यापुढे मला असं काम कोण देईल देव जाणे. दादाला सांग, स्टेशनवर यायची गरज नाही, तुझे केस बांध म्हणावं.

शंकी


१६ मे

प्रिय शंकासुरा,

सुनावणी संपली आणि तू गाडी पकडायला धावलीस, त्यामुळे पुढचं तुला काहीच माहीत नाही. पण आधी मला त्या दिवसाचं हसू येऊ दे. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचा छापील अहवाल खरा मानायचा की तुमचं आत्ताचं बोलणं?" तुझा चेहरा असा झाला होता, जणू तुला पाढे विचारलेत. आणि तू म्हणालीस, "साहेब, रंग उडालाय एवढं खरं आहे. बाकीचं मी मनानं लिहिलं." मालकांचा वकील उठला होता तो तसाच खाली बसला. यांनी माझा चांगला हात इतका दाबला की मला वाटलं आता हाही जातो. मला तुझा अभिमान वाटला. पाठ वळल्यावर लिहितेय, समोर म्हटलं नसतं.

निकाल टपालानं आला. मला कामावर परत घ्यायचं, दवाखान्याचं मालकांनी द्यायचं, आणि वरचा माल काढायला शिडी आणि माणूस पुन्हा ठेवायचा. शिडीवाले काका आले! जरा वाकलेत, पण शिडी अजून कोणाला हात लावू देत नाहीत.

आता मालकांनी दुसरंच धरलंय. आम्ही उभ्या दिसलो की ओरडतात, "बसा! बसा म्हटलं ना!" गिऱ्हाइकांना वाटतं दुकानात शाळा भरलीय. पण आम्हाला बसताच येत नाही गं. गंमत नाही, खरंच. पहिल्या दिवशी मी टेकले आणि दारात सावली आली की उठले, पुन्हा टेकले, पुन्हा उठले. पडदेवाली म्हणाली, तुमच्यात स्प्रिंग बसवलीय का? तीही कडेवरच टेकली होती. कोणीतरी खोकलं तर सगळ्या ताठ! खोकणारं गिऱ्हाईक होतं बिचारं, खरोखरचं सर्दीचं.

हे सगळं कोणामुळे झालं, ते मला विचारू नकोस. तुझ्या बाईंमुळे? साहेबांच्या गुडघ्यामुळे? मी पडले म्हणून, की तू चुकलीस म्हणून? मी पडले नसते तर मी अजून चढत असते, हे खरं. पण नियम नसता तर मी पडलेच नसते, काका असते, गठ्ठ्यावर टेकले असते. विचार करायला लागले की डोकं गरगरतं, मग मी कापडाच्या घड्या घालते.

पण तुला एक सांगायचंय. परवा दुपारी दुकान रिकामं होतं. पाय फार दुखायला लागले म्हणून मी बसले, आणि या वेळी नीट, मधे. बसल्यावर समोर आली ती काउंटरची आतली बाजू, गिऱ्हाइकाला दिसत नाही ती. खाली, पायांशी, जिथं जिथं आम्ही एकेकजणी उभ्या असतो, तिथं तिथं रंग गेलाय. एक पाय भरून आला की तो उचलून काउंटरला टेकवायचा, घासायचा, मग दुसरा. आम्ही सगळ्या करतो, कळतही नाही आपण करतोय ते. माझ्या जागेवर तर चांगला खळगा पडलाय. तो माझ्या एकटीचा नसणार, माझ्या आधी तिथं जी उभी असायची तिचाही असेल. ती आता चालू शकत नाही असं ऐकलं होतं. एवढी वर्षं मी तिथंच उभी होते आणि मला ते कधी दिसलं नाही.

मी पडदेवालीला हाक मारली. ती बसली, वाकली, तिनं तिची जागा बघितली. मग बाकीच्या आल्या. त्या दुपारी गिऱ्हाईक आलं तेव्हा पहिल्यांदा कोणी उठलं नाही. मी बसूनच विचारलं, काय दाखवू?

तुझ्या अहवालात हे कुठे जातं, जातं की नाही, मला माहीत नाही. फोटो पाठवत नाहीये. तू ये आणि बघ, आणि काही लिहायच्या आधी मला विचार.

तुझी वहिनी